पोरांची विहीर

“ए, तू मेलायस ना? मग गप पड की! मेलेला माणूस कान खाजवतो का?”

भिंगरीनं असं दटावल्यावर गप्प्यानं कानाकडं गेलेला हात पुन्हा रेतीत टाकला आणि डोळे गच्च मिटले. गप्प्याला मरायला आवडायचं. बाकीच्या पोरांना खोदावं लागायचं, ओढावं लागायचं, घसा फाडून ओरडावं लागायचं. त्याला नुसतं पडून राहायला मिळायचं. कधी कधी तो मरता मरता खरंच झोपी जायचा, आणि घोरायला लागला की सगळा खेळ हसण्यावारी जायचा.

बालवाडीच्या मागं, पत्र्याच्या सावलीत, रेतीच्या ढिगावर हे चाललं होतं. दाराशी मावशी भांडी घासत बसली होती. हातातलं पातेलं कधीच लख्ख झालं होतं, तरी तिचा हात फिरतच होता.

मावशी म्हणजे बालवाडीची मदतनीस. झाडलोट करायची, पाणी भरायचं, पोरांचं जेवण शिजवायचं, नाकं पुसायची, ओल्या चड्ड्या बदलायच्या. भिंगरी तिचीच लेक. जागेवर पाय ठरायचा नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. पण बालवाडीच्या उंबऱ्याच्या आत आली की भिंगरीसुद्धा आईला मावशीच म्हणायची. सगळे म्हणतात, मग मी एकटीनं वेगळं का म्हणायचं, असा तिचा हिशेब.

आणि पोरं खेळत होती तो खेळ विहिरीचा होता. त्याच विहिरीत भिंगरीचा बाप गेला होता.

झालं होतं असं. यंदा उन्हानं कहर केला. गावच्या विहिरीचा तळ उघडा पडला, बायका दोर जोडजोडून पोहरा सोडायच्या आणि वर चिखल यायचा. विहीर आणखी खाली न्यायची ठरलं. वर काळी माती, तिच्याखाली पिवळा मुरूम, आणि मुरमाच्या खाली भुसभुशीत, मुठीत धरली तर साखरेसारखी ओघळणारी माती. काम मुकादमाकडं होतं. काठावर यारी उभी केली होती. यारी म्हणजे दोरानं माती वर ओढायचं यंत्र. तिच्या लोखंडी डोलात बसून माणसं खाली उतरायची आणि त्याच डोलातून माती वर यायची. एका सकाळी, उन्हं नुकती तापायला लागली होती, तेव्हा एक बाजू आवाज न करता खाली बसली. दोघं डोलाला लोंबकळून वर आले. भिंगरीचा बाप राहिला.

दुपार कलली तेव्हा त्याला वर काढलं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. फक्त कानात, नाकात आणि मुठीत माती. सासूनं ऊर बडवून आभाळ डोक्यावर घेतलं. मावशी स्वैपाकातून उठून आली होती, हातात पळी तशीच. ती काठावर उभी राहिली. उभीच राहिली. बायकांनी तिला हलवलं, चिमटे काढले. “रड गं बाई, रड, नाहीतर छातीत धरेल.” डोळ्यांतून टिपूस निघालं नाही.

पुढं पाणवठ्यावर बोलणं सुरू झालं. “आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” एक जण म्हणाली, आणि बाकीच्या घागरी सावरायचं निमित्त करून हसल्या. मावशी मागंच उभी होती. तिनं ऐकलं. तेही तिला लागलं नाही. तिला काहीच लागायचं नाही. चुलीवरून पातेलं उतरवताना चटका बसला तर आधी कातडं जळल्याचा वास यायचा, मग कळायचं. जेवण समोर आलं की जेवायची, उठा म्हटलं की उठायची. महिना सरायच्या आत ती बालवाडीत परत कामाला आली. बाईंनी विचारलं, “अजून थोडे दिवस घरी थांबायचंय का?” तर म्हणाली, “घरी काय आणि इथं काय.”

आता या बाईंचं सांगायला हवं. गेल्या वर्षीच आल्या होत्या, बारक्या चणीच्या, सायकलवरून यायच्या. आल्या आल्या त्यांनी बाकं बाहेर काढली. भिंतीवरचे तक्ते उतरवले. बुटक्या फळ्यांवर टोपल्या मांडल्या. एका टोपलीत बिया, एकीत कुलपं आणि किल्ल्या, एकीत वाट्या आणि लोटे, एकीत खरी खुरपी, खरा हातोडा, खरे खिळे. कुणी काय घ्यायचं ते पोरानं ठरवायचं. घेतलं की जागेवर ठेवायचं, दुसऱ्याला मारायचं नाही, एवढेच नियम. मागं रेतीचा ढीग होता, विहिरीच्या कठड्यासाठी आणलेल्या रेतीतला उरलेला. तो त्यांनी मुकादमाकडून मागून घेतला होता. गाव त्यांना मातीबाई म्हणायला लागलं.

एकदा गप्प्याचा बाप तणतणत आला. “बाई, वर्ष होत आलं, पोरगं अजून एक अक्षर काढत नाही.”

“पण कुलूप उघडतो. कुठल्या कुलपाला कुठली किल्ली, बघून ओळखतो.”

“कुलपं उघडायला शिकवून काय चोर करायचाय त्याला?”

सगळे हसले. बाईही हसल्या. पण टोपल्या हलवल्या नाहीत. पाट्यांचा गठ्ठा कपाटात होता तसाच राहिला. “हाताशी राहायचं, हात घालायचा नाही,” असं त्या मावशीला सांगायच्या. मावशीला ते सोपं जायचं. कशात हात घालावा असं तिला वाटतच नव्हतं.

विहिरीचा खेळ आधी ढब्बूनं सुरू केला. ढब्बू म्हणजे मुकादमाचा धाकटा. बापासारखं पोट पुढं काढून चालायचा, बोलण्याआधी बापासारखाच खाकरायचा. त्यानं एक दिवस रेतीवर उभं राहून हुकूम सोडला आणि पोरांनी खोदायला घेतलं. दुसऱ्या दिवशी भिंगरी त्यात शिरली. तिसऱ्या दिवशी खेळ तिचाच झाला.

बाईंनी मावशीला बाजूला घेतलं. “मावशी, तुम्हाला त्रास होत असेल तर सांगा. मी दुसरं काहीतरी पुढं करते. पण माझ्या मनाला विचाराल तर, आपण थांबवलं की ती लपून खेळतील. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. इथं निदान आपल्या डोळ्यांसमोर आहे.”

“मला काही होत नाही, बाई,” मावशी म्हणाली. खरंच होत नव्हतं.

बाईंनी पोरांना एकच अट घातली. रेती गुडघ्याच्या वर कुणाच्या अंगावर घालायची नाही. भिंगरीनं मान डोलावली. मग ती दाराशी आली.

“मावशी, ऊठ. तू आई हो.”

“मला काम आहे.”

“जास्त काही नाही करायचं. इथं उभं राहायचं. बस.”

“आई रडते,” ढब्बू म्हणाला.

“रडते ती आजी,” भिंगरीनं त्याला ठामपणे सांगितलं. “आई उभी राहते. तुला माहीत नाही, मला माहितीये.”

मावशी ढिगाच्या कडेला जाऊन उभी राहिली. राखेनं भरलेले हात तसेच लोंबत होते. पोरं खोदत राहिली. तिला ते काम जमण्यासारखं होतं.

पण निव्वळ मरण्याकाढण्यात पोरांचं मन फार दिवस रमलं नाही. त्यांना विहीरच करायची होती, खरी, खोल. मग गप्प्याची मरणातून सुटका झाली आणि त्याच्याऐवजी लाकडाची एक बाहुली विहिरीत उतरायला लागली. खुरप्यांनी खड्डा खोदायचा, सुतळीला वाटी बांधून बाहुलीला खाली सोडायचं. बाहुली तळाला टेकायच्या आतच कडा सुटायची आणि ती गडप व्हायची.

“परत पडलं!” भिंगरीनं खुरपं आपटलं.

बाई शेजारी उकिडव्या बसल्या. “आता काय करून बघायचं?”

“पाणी घाला,” कुणीतरी म्हणालं. लोट्यांनी पाणी आणलं. ओली रेती तासभर उभी राहिली, पोरांनी टाळ्या पिटल्या. ऊन फिरलं, रेती सुकली, कडेला आधी बारीक भेग पडली आणि मग सगळं खाली. दुसऱ्या दिवशी काटक्या रोवल्या. काटक्यांच्या फटींतून रेती गळाली. मग केरसुणीच्या काड्या, मग जुनं पोतं. पोतं पोटासारखं पुढं आलं आणि फाटलं. मावशी रोज बघत होती. बघायचं असं ठरवून नाही, डोळे तिकडं असायचे एवढंच.

तोंड न उघडणारा गप्प्या उठला आणि आत गेला. किल्ल्या-कुलपांत तरबेज झालेल्या त्या पोरानं कपाटाचं कुलूप काढलं आणि छातीशी धरून पाट्या घेऊन आला. लाकडी चौकटीच्या काळ्या पाट्या. त्यानं एक खड्ड्याच्या कडेला उभी खोचली. मग समोर दुसरी. भिंगरीनं दोन्हींच्या मध्ये एक काठी आडवी अडकवली, त्या पाट्या एकमेकींवर पडू नयेत म्हणून. चारी बाजूंनी झालं. सुतळीची वाटी खाली गेली, बाहुली तळाला टेकली, वर आली, परत खाली गेली. कडा पडली नाही.

“नाही पडत!” भिंगरी ओरडली. “बाई, नाही पडत!”

बाईंनी विचारलं, “का नाही पडत?”

ढब्बू विचार करून म्हणाला, “रेतीला पडायचंय, पण पाटी तिला पडू देत नाही.”

“आणि पाटी का पडत नाही?”

“तिला काठी पडू देत नाही.”

वर्षभर कपाटात पडलेल्या पाट्या अखेर अशा कामाला आल्या.

याच सुमाराला सासू नातीला न्यायला लवकर आली. मावशी सासूला आत्याबाई म्हणायची. आत्याबाईचं लेक गेल्यापासून रडणं थांबलं नव्हतं. उठता रडायची, बसता रडायची, रस्त्यात कुणी भेटलं की त्याच्या गळ्यात पडून रडायची. तिनं कुडावरून डोकावलं. नात सुतळी धरून सांगत होती, “आता बाबा खाली चाललाय.” आत न येता ती तशीच वळली आणि तडक मुकादमाच्या दारात गेली. “माझ्या लेकाच्या मरणाचा तमाशा मांडलाय त्या मातीबाईनं,” ती म्हणाली. “आणि माझी सून दगडासारखी बघत बसते.”

मुकादम तिच्याबरोबर निघाला. विहीर धसली त्या दिवसापासून तो मावशीच्या घरावरून जायचं टाळायचा, लांबच्या वाटेनं शेताला जायचा. पण म्हातारीला नाही कसं म्हणणार?

दोघं कुडाच्या आत आली तेव्हा खेळ ऐन रंगात होता. मोठ्यांकडं कुणी बघितलंही नाही. ढब्बू खांद्यावर फडकं टाकून काठावर उभा होता. तो खाकरला.

“उतरा रे खाली! काठावर बसून ऊन शेकायला आणलंय का तुम्हाला?”

“धसेल,” गप्प्या म्हणाला. त्याला तेवढंच बोलायचं असायचं.

“काही धसत नाही! मी काय आजच कामाला लागलोय का? आधार उद्या लावू. फळ्या उद्या येतील. आज उतरा, ऊन चढायच्या आत एक थर निघाला पाहिजे.”

आवाज पोराचा होता, पण बोलणं पोराचं नव्हतं. बाई जागच्या जागी थांबल्या. मुकादमाचा हात खांद्यावरच्या फडक्यापाशी गेला.

“नाही,” भिंगरी म्हणाली. “आधी आधार. मग माणूस.”

ढब्बूनं क्षणभर विचार केला. मुकादमपण बाजूला ठेवून तो म्हणाला, “बरं, लाव.” मग त्याला बाप दिसला आणि तोंडभर हसू फुटलं. “दादा, बघ! पाट्या लावल्या की पडत नाही! काल पण नाही पडलं!”

आत्याबाईचा पदर तोंडाशी होता तो तिथंच राहिला. ती हळूहळू पोराजवळ गेली आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. “बाळा, आधार उद्या लावू, असं कोण म्हणालं रे?”

“मुकादम.”

“कुठला मुकादम?”

ढब्बूला प्रश्नच कळेना. गावात मुकादम एकच. “दादा,” तो म्हणाला. “मी होतो ना. मी आईबरोबर दादाची न्याहारी घेऊन गेलो होतो. सगळे बसले होते. दादा ओरडला, मग उतरले.”

“पोराचं काय धरून बसता, काकी,” मुकादम म्हणाला. “उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याला काय कळतंय.” पण त्यानं म्हातारीकडं बघितलं नाही. तो मावशीकडं वळला. “वहिनी, तुम्हीच सांगा आता. हे असलं बघून तुमच्या काळजाला घरं पडत असतील. सांगा बाईंना, बंद करा म्हणावं.”

सगळे मावशीकडं बघायला लागले. तिनंही आत शोधून बघितलं, रिकाम्या डब्यात हात घालून चाचपावं तसं. राग असेल म्हणून बघितलं, रडू असेल म्हणून बघितलं. हाताला काही लागलं नाही.

“मला काही होत नाही, भाऊजी,” ती म्हणाली. “मी बघत होते. पाट्या लावल्यावर पडत नाही. खरंच पडत नाही.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मुकादमाला तेच झेपलं नाही. त्यानं ढब्बूचा दंड धरला आणि ओढत घेऊन गेला. पोर मागं वळून वळून खड्ड्याकडं बघत होतं.

त्या संध्याकाळी आत्याबाई रडली नाही. चुलीसमोर बसून राहिली. जेवताना एकदाच बोलली. “घरी काही बोलला होता का तो?”

“म्हणाला होता, खालची माती वाईट आहे.”

“अन् मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.”

म्हातारीनं ताट पुढं सारलं. भिंगरी दोघींच्या मध्ये बसून बोटांनी जमिनीवर काहीतरी रेघा ओढत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी कुलूप उघडायला गेली तर मागं ढीग नव्हता. मुकादमाची माणसं भल्या सकाळी येऊन रेती भरून घेऊन गेली होती. ढीग होता तिथं ओलसर गोल डाग आणि त्यावर सैरावैरा पळणाऱ्या मुंग्या. पाट्या धुऊन भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. निरोपही होता, शेजारच्या दुकानदाराजवळ ठेवलेला. पोरांना अक्षरं शिकवा, नाहीतर बाईंची इथली गरज गावाला राहणार नाही.

पोरं आली आणि त्या डागाभोवती उभी राहिली.

“विहीर कुठं गेली?” भिंगरीनं विचारलं.

बाईंनी खोटं सांगितलं नाही. “रेती परत नेली.”

“कुणी?”

“ज्यांची होती त्यांनी.”

ढब्बूही आला होता. त्याच्या गालावर बोटं उठली होती. तो पायानं मुंग्यांना वाट करून देत होता. बराच वेळ कुणीच काही घेतलं नाही. टोपल्या भरलेल्या होत्या आणि पोरं रिकामी बसली होती. मग भिंगरी उठली. “मग आपण खरी बघायला जाऊ. खरीला आधार लावलाय का ते बघू.”

मावशी चूल पेटवायला वळली होती, ती थांबली. सकाळी पाणवठ्यावर ऐकलेलं तिच्या कानात होतं. बाहेरगावची माणसं आणलीत. आजपासून काम परत सुरू. फळ्या मागून येणार. ते ऐकलं तेव्हा ते तिच्या कानांवरून घरंगळून गेलं होतं, इतर सगळ्या बोलण्यासारखं. आता ते परत आलं आणि हलेना.

“बाई, मी जाऊन येते,” ती म्हणाली.

“कुठं?”

तिनं हातातली काडेपेटी फळीवर ठेवली आणि चालायला लागली.

विहिरीवर यारी उभी होती. ती चार माणसं परकी होती, तरणी, पायजमे गुडघ्यापर्यंत दुमडलेली. काठावर बसून खाली वाकून बघत होती आणि एकमेकांकडं बघत होती. मुकादम हातवारे करत होता. लोखंडी डोल काठावर टेकवलेला होता, दोर ढिला होता. मावशी कुणाशी न बोलता तिथवर गेली, पदर खोचला आणि डोलात जाऊन बसली.

मुकादमाला आधी समजेचना. “वहिनी, हे काय? उठा.”

“फळ्या आणा,” मावशी म्हणाली.

“आणतोय ना. सांगून ठेवलंय. उद्या येतील.”

“मग उद्या उठते.”

त्या चौघांतला एक जण फसकन हसला आणि मग चेहरा सरळ केला. मुकादमानं आधी समजावलं. गावाला पाणी नाही, गुरं तडफडतायत, तुमच्याच घरात घागर रिकामी असेल. मग आवाज चढवला. बायका जमायला लागल्या. कुणी म्हणालं डोकं फिरलंय, कुणी म्हणालं ओढून काढा. पण बाईमाणसाला हात कोण लावणार? आणि तीही विधवा, तीही त्याच विहिरीची. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, असं कुणीतरी मागून पुटपुटलं.

ऊन चढत गेलं. डोलाचं लोखंड तापलं. मावशीला ते तापल्याचं कळत होतं, पण लांबून, दुसऱ्याच्या अंगाला लागल्यासारखं. खाली बघितलं तर पिवळा मुरूम, त्याखाली ती फिकट माती, आणि एका बाजूला मोठा घास तोडल्यासारखी जागा. ती बघत राहिली. तिथं तो होता. तिला वाटलं, आता तरी काही होईल. झालं नाही. ती बसून राहिली.

परक्या माणसांपैकी एकानं अंगातला सदरा काढून डोक्यावर घेतला आणि झाडाच्या सावलीला जाऊन बसला. मग उरलेलेही उठले. मुकादमानं हाका मारल्या. “आधार येऊ दे, मग बघू,” तो पहिला तिथूनच म्हणाला.

तेवढ्यात लांबच्या बांधावर पोरांची रांग दिसली. पुढं बाई, मागं सगळी पोरं, प्रत्येकानं एकाच लांब दोराला धरलेलं. बाईंनी त्यांना विहिरीपासून बऱ्याच अंतरावर, झाडाखाली बसवलं आणि दोराच्या अलीकडं कुणी यायचं नाही असं बजावलं. भिंगरीनं आईला बघितलं. तिनं हाक मारली नाही, हात केला नाही, फक्त मान लांब करून विहिरीच्या कडेला काही लावलंय का ते बघायचा प्रयत्न केला.

ढब्बू बापाकडं बघत होता. कालसारखं “दादा, बघ” असं काही तो म्हणाला नाही. नुसता बघत होता, गालावरची बोटं अजून गेली नव्हती. पोरानं तोंड उघडलं असतं तर मुकादमाला त्याच्यावर ओरडता आलं असतं. तेही जमलं नाही. त्यानं फडक्यानं मान पुसली, परत पुसली.

मग बायकांची गर्दी फाकली आणि आत्याबाई आली. सगळ्यांना वाटलं, आता ही सुनेच्या झिंज्या धरणार. म्हातारी डोलाजवळ आली, वाकून खाली बघितलं आणि लगेच डोळे फिरवले.

“सरक,” ती म्हणाली.

“आत्याबाई, लोखंड तापलंय.”

“तापू दे. सरक म्हणते ना.”

मावशी सरकली. म्हातारीनं डोलाच्या काठाला धरून एक पाय आत घातला, मग दुसरा, आणि धपकन खाली बसली. जागा दोघींना पुरेशी नव्हती. गुडघ्याला गुडघा लागला, खांद्याला खांदा.

मुकादम जवळ आला. मग अगदी हळू आवाजात, फक्त त्या दोघींना ऐकू जाईल असं म्हणाला, “माझ्या गोठ्याच्या फळ्या आहेत. जुन्या आहेत, पण पक्क्या.”

“मग काढ की,” आत्याबाई म्हणाली.

त्यानं त्या चौघांना हाक मारली. गोठा जवळच होता. थोड्या वेळानं खिळे उपटल्याचे कर्कश आवाज यायला लागले, आणि दावं सुटलेली त्याची म्हैस उन्हात येऊन उभी राहिली. फळ्या आल्या. आडवे टेकू द्यायला वासे आले. मुकादमानं स्वतः दोर कमरेला बांधला, वरची पहिली फळी मातीला टेकवली आणि हातोडा मारला. काठावरून चार खडे सुटून खाली गेले. फळी बसली. मग त्यानं समोरच्या बाजूला दुसरी बसवली आणि दोन्हींच्या मध्ये वासा ठोकला.

झाडाखालून गप्प्याचा आवाज आला, “अशीच.”

मुकादम घामानं निथळत डोलापाशी आला. “काकी, झालं. वहिनी, आता तरी उठा. खाली माणसं उतरायची आहेत, डोल लागेल.”

मावशीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी आत्याबाई बोलली. नाक पदराला पुसून, बसल्या जागेवरूनच.

“वरच्या मातीला फळ्या लावल्यास, खालच्या मातीला कोण लावणार? त्यांना शिडीनं उतरव, कमरेला दोर बांधून. तळापर्यंत लाव. मग उठतो आम्ही.”

मुकादम शिडी आणायला गेला. मावशीला अजूनही काही वाटत नव्हतं. फक्त डाव्या बाजूला म्हातारीचा हाडकुळा गुडघा रुतत होता, आणि तो तिला रुततोय असं कळत होतं. तिनं पाय बाजूला घेतला नाही.